लूम बंद होते तो दिवस

सोमवार, ४ नोव्हेंबर १९७४. हजर : खाला, मुलगी, मुलीची आई, मी. गैरहजर : मुलीचा बाप (लूमवर ड्युटी), वकीलसाहेब (ठाण्याला कोर्टात). पाणी चार ग्लास. एक तसाच परत.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. मी तेव्हा भिवंडीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वय तेवीस. वही ठेवायची सवय तेव्हाही होती. तसाच परत गेलेला ग्लास मुलीचा. नऊ वर्षांची पोर, दोन्ही हात परकराच्या घोळात लपवून बसली होती. आई तिला कोपराने ढोसत होती, "घे गं, बाय पानी देते तं." खालांनी आईचं कोपर बाजूला केलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हात तिचा आहे."

खालांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असणार. खाला मणियार. बांगड्या भरणं हा घरचा धंदा. डोक्यावर पाटी, खांद्याला पिशवी, तोंडात पान. आठवड्याचे चार दिवस शहरातल्या आळ्या आणि मोहल्ले, दोन दिवस बाहेरची गावं. मोहल्ल्यात त्यांना खाला म्हणत, गावांत मावशी; अर्थ एकच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. "मला एकही नाही, म्हणून सगळ्यांची माझ्याकडे," असं म्हणायच्या आणि मोठ्यांदा हसायच्या. हसल्या की पाटीतल्या बांगड्या वाजायच्या.

बांगड्या भरणाऱ्या बाईची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. हात ओढून घ्यायचा, पंजा दाबून लहान करायचा, बांगडी चढवायची, "झालं झालं" म्हणायचं. मोठ्या बायकांना खालाही तशाच भरायच्या. लहान मुलींशी मात्र त्यांची रीत वेगळी. स्वतःचा डावा तळहात उघडा करून गुडघ्यावर ठेवायच्या आणि तिसऱ्याच बाईशी गप्पा मारत बसायच्या. मुलीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. थोड्या वेळाने मुलीचा हात आपणहून त्या तळहातावर येई. मी एकदा विचारलं, की एवढा वेळ घालवून तुमचा धंदा कसा होतो? तर म्हणाल्या, "लेकराचा हात मांजरासारखा असतो. धरायला गेलं की पळतो. आणि जो हात येतच नाही ना, त्याच्यासाठी तर मी बसते."

येत नसलेल्या हाताचं कारण त्यांना बहुतेक वेळा समजलेलं असे. त्यांनी मला शिकवलं होतं. बांगडी फुटून लागलेलं बारीक असतं, मनगटाच्या वरच्या अंगाला. पडून लागलेलं तळव्याला आणि कोपराला. आणि चार खुणा एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, अशा असल्या तर तो माणसाचा हात. "हात केवढा, ते खुणांमधल्या अंतरावरून कळतं," त्या म्हणायच्या. "आईचा की बाप्याचा." त्या हे सांगत होत्या तेव्हा मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवून बघितली होती, आणि लगेच काढून घेतली होती.

असं काही दिसलं की खाला गप्प बसत नसत, हा त्यांचा गुन्हा. त्या काळी मुलांच्या बाबतीतल्या गोष्टी घरातल्या घरात मिटवायच्या, अशीच रीत होती. खाला आईला पटवायच्या, आईबरोबर चौकीत जायच्या, चौकीतून आमच्या ऑफिसात यायच्या. चौकीतल्या एका हवालदाराने एकदा मायलेकींना दोन तास उभं ठेवलं. "साहेब नाहीत, उद्या या." खालांनी पाटी दारातच उतरवली आणि ऐसपैस मांडी घातली.

"हवालदारसाहेब, तुमच्या लग्नात चुडा कोणी भरला?"

"आता ते काय मधेच?"

"मीच भरला. माप सव्वादोन. पुढच्या बुधवारी तुमच्या आळीत फेरी आहे माझी. सांगू का वहिनींना, एवढ्याशा पोरीला तुम्ही दोन तास उभं ठेवलंत?"

हवालदाराने खुर्ची दिली. मुलीला, आईला आणि नाइलाजाने खालांनाही.

त्यांचे दोन नियम होते आणि त्या ते मोडू देत नसत. एक : लेकराला एकदाच विचारायचं. जे सांगेल ते लिहून घ्यायचं आणि मग जो येईल त्याला कागद दाखवायचा. मुलीला पुन्हा तोंड उघडायला लावायचं नाही. म्हणून तर त्यांना माझी गरज होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मला त्या 'लिष्टवाली' म्हणत. "ए लिष्टवाली, वही काढ." दुसरा नियम : लेकराच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. ती जे म्हणेल तेच. तिला नाव माहीत नसेल तर नाव नाही. तिला दिवस माहीत नसेल तर दिवस नाही. "तिच्या गाठोड्यात आपली एक चिंधी जरी मिसळली, तरी लोक म्हणतील सगळं गाठोडंच चोरीचं."

आता लूमबद्दल लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भिवंडीत राहिलेल्याला यंत्रमागांची ती खटखट सांगायला नको. भिंतीतून, जमिनीतून, पाण्याच्या हंड्यातून येते. आम्ही तिच्यात झोपायचो, तिच्यात अभ्यास करायचो. शुक्रवारी लूमला सुट्टी, तेव्हा ती थांबे. एरवी मध्येच लाइट गेली तर थांबे. एकदम, सगळ्या आळीत एकाच क्षणी. शांतता पसरली की बाकीचे लोक हुश्श म्हणायचे. खाला मात्र जेवत असल्या तरी हात धुवून उठायच्या, पाटी उचलायच्या आणि गल्ल्यांतून फेरी मारायच्या. मी कारण विचारलं. तर म्हणाल्या, "लूम चालू असताना लेकरू ओरडलं तर ऐकू येत नाही. बंद असताना ते ओरडतच नाही. सगळ्यांना ऐकू जाईल ना, म्हणून." तेव्हापासून खटखट थांबली की माझंही टायपिंग थांबतं. अजून.

तर ती मुलगी. कुटुंब मूळचं दिघाशीचं, राहायला लूमच्या मागच्या चाळीत. बाप लूम चालवायचा. दुपारी मुलगी त्याचा डबा घेऊन जाई. चाळीतल्या सगळ्याच मुली आपापल्या बापांचे डबे नेत. दिवाळी जवळ आली म्हणून खाला रविवारी चाळीत बांगड्या घेऊन गेल्या, आणि या मुलीचा हात तळहातावर आला नाही. खाला दुपारभर तिथेच बसल्या. इतर मुली भरून गेल्या, उन्हं उतरली, तेव्हा हात आला. मनगटावर चार खुणा एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मोठ्या हाताच्या.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तिने माझ्यासमोर जे सांगितलं, ते मी लिहून घेतलं. लूमच्या मुकादमाने काय केलं ते इथे लिहीत नाही. अर्जातही ते चारच ओळींत होतं. सुरुवात तेवढी लिहिते, कारण ती मला पाठ आहे.

"मी बापूसचा डबा घेऊन गेले. लूम बंद व्हते. बापूस नव्हता. कोनीच नव्हता. मुकादम व्हता."

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं.

"लूम बंद व्हते त्या दिवशी."

खालांनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरेसं होतं. मला नव्हतं. अर्ज म्हटला की दिनांक पाहिजे. ती गेल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. लूम बंद म्हणजे शुक्रवार. आदला शुक्रवार एक तारखेचा. मी टाइप केलं : 'दिनांक १ नोव्हेंबर रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास.' वाक्य नेटकं झालं.

संध्याकाळी खाला आणि आई पुन्हा आल्या. मी अर्ज वाचून दाखवला. दोघींनी होकार दिला. तारखेला खालांच्या जगात काहीच काम नव्हतं. चांद, आठवड्याचा बाजार, लूम चालू की बंद; त्यांचे दिवस असे मोजले जात. मी वाचताना 'शुक्रवारी' एवढं जरी म्हटलं असतं, तर त्यांनी तिथेच मला थांबवलं असतं. पण वहीत मी वार लिहिते, अर्जात तेव्हा लिहीत नसे. तारीख असताना वार जोडणं मला अडाणीपणाचं वाटायचं. अर्ज चौकीत गेला, तीच तारीख फिर्यादीत उतरली, तीच पुढच्या प्रत्येक कागदावर.

मुकादमाला धरलं आणि आठवड्याभरात तो जामिनावर सुटून परत लूमवर आला. उंच, स्वच्छ कपडे, बोलायला गोड. एका दुपारी खाला आमच्या ऑफिसच्या खाली पाटी मांडून बसल्या होत्या, मी शेजारी उभी होते. तो समोरून सरळ आमच्याकडे आला.

"सलाम, खाला. भाचीला बांगड्या पाहिजेत. माप माहीत नाही." आणि त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून एक लहानसं वर्तुळ केलं. "एवढं असेल मनगट."

रस्त्यावर लूमची खटखट चालू होती. तो हसत होता. ते वर्तुळ त्याने बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"माप बोटावरून देत नाहीत, मुकादम," खाला म्हणाल्या. "हात घेऊन या. आईसकट घेऊन या."

तो गेल्यावर त्यांनी पाटीतल्या लहान मापाच्या सगळ्या बांगड्या खाली काढल्या आणि फडक्याने एकेक पुसली. त्याने एकीलाही हात लावला नव्हता.

केस उभी राहायला दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात मुलीने डबा नेणं सोडलं, शाळा सोडली, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे बोलणंही जवळजवळ सोडलं. खाला आठवड्यातून एकदा चाळीत जायच्या आणि तिच्याजवळ तळहात उघडा ठेवून बसायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. एकच गोष्ट त्यांनी तिला वचन दिल्यासारखी सांगितली होती : "तू एकदा कोर्टात सांगशील, साहेब लिहून घेतील, मग तुला कोणी कधी खोटी म्हणणार नाही." मुलीने तेवढंच धरून ठेवलं होतं. आईला विचारायची, "कोरट कधी?"

कोर्टाच्या दिवशी आम्ही चौघी ठाण्याच्या एसटीत बसलो. बाप आला नाही. त्याला साक्षीला बोलावलं होतं, तो मुकादमाबरोबर मालकाच्या गाडीतून येणार होता. हे ऐकून खालांनी पान थुंकलं आणि पुन्हा लावलं नाही. त्या पुढे आईशेजारी बसल्या. मागे खिडकीशी मुलगी, तिच्याजवळ मी. माझ्या मांडीवर कामांची यादी होती : समन्स, अर्जाची नक्कल, डॉक्टरांचा कागद, खाऊचा डबा. एक ओळ राहिली होती. समजा, दिवस विचारला तर? पोर गांगरेल. म्हणून मी हळूच तिला म्हटलं, "तारीख विचारली तर सांगायचं, एक नोव्हेंबर. वार विचारला तर, शुक्रवार. म्हण बघू."

"एक नोव्हेंबर. शुक्रवार."

"पुन्हा."

तिने तीनदा म्हटलं. हुशार होती. खालांनी मागे वळून पाहिलं.

"काय शिकवतेस तिला?"

"काही नाही, खाला. फक्त तारीख."

"फक्त?" त्या म्हणाल्या. मग कंडक्टर तिकिटं तपासायला आला आणि ते तिथेच राहिलं. यादीतली ती ओळ मी खोडली. झालं म्हणून.

मुकादमाचे वकील आवाज चढवणारे नव्हते. ते मुलीशी अगदी घरातल्यासारखं बोलले.

"बाळ, तो वार कोणता होता?"

"शुक्रवार."

"शाबास. शुक्रवारी लूम चालू असतात का गं?"

"न्हाय."

"मग शुक्रवारी तुझा बापूस कुठे असतो?"

"घरी."

"दुपारी कुठे जेवतो?"

"घरीच."

"मग बाळ, डबा कोणाला घेऊन गेलीस?"

मुलीने आईकडे पाहिलं नाही, खालांकडेही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर बसले होते, यादी हातात. आमच्या घरी वडिलांचा डबा शुक्रवारीही जायचा. रविवार सोडून रोज. शुक्रवारी लूम बंद असतात हे मला माहीत होतं. शुक्रवारी डबाच नसतो, हे मात्र दीड वर्षात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खालांच्या हातातून पिशवी खाली पडली. त्यांना त्याच क्षणी कळलं.

मग फोटो आला. त्या शुक्रवारी मालकाच्या घरचं लग्न होतं, सुरतेला, आणि मुकादम मालकाच्या मागे फेटा बांधून उभा होता. बापाला विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं, "आठवत नाय साहेब. बरेच दिस झाले." पंधरा दिवसांनी निकाल लागला. मुकादम सुटला.

निकालाच्या दिवशी पायऱ्या उतरताना मुलीने खालांचा पदर ओढला. दीड वर्षात तिने आपणहून कोणाला हात लावल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"मावशे, मी खोटा बोलले?"

"नाही बेटा. तू खरं बोललीस. चूक माझी झाली. दिवस मी चुकवला, मला लिहिता-वाचता येत नाही ना."

मुलीने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. दिवस खालांनी सांगितलेला नव्हता, तिला चांगलं ठाऊक होतं. तो तिने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगितला होता. मी दोन पायऱ्या वर उभी होते. मी बोलायला हवं होतं. मी समन्सचा कागद घडी घालून पिशवीत ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चौऱ्याहत्तर सालची वही काढली. बुधवार, ३० ऑक्टोबर : 'दुपारी बारा ते अडीच लाइट नाही. साहेबांची खुर्ची खिडकीशी हलवली.' माझंच अक्षर. म्हणजे त्या बुधवारी डबा गेला, लाइट गेली, लूम थांबले, कामगार चहाला बाहेर पडले. मुलीने जे सांगितलं ते शब्द न् शब्द खरं होतं, आणि त्याचा पुरावा दीड वर्ष माझ्या टेबलाच्या खणात होता. वकीलसाहेबांनी वही पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "आता याचा उपयोग नाही," एवढंच म्हणाले.

मी वही घेऊन खालांकडे गेले. त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

"बुधवार," त्या म्हणाल्या. "आठवतो मला. लाइट गेली तशी मी उठले होते. पाटी घेतली आणि उजवीकडच्या गल्लीत शिरले. डावीकडे जायला हवं होतं." त्यांनी माझी वही मिटली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या पोरीला तू सांग. मी सांगितलेलं तिला पटलं नाही."

"सांगते," मी म्हटलं. पण त्याच आठवड्यात कुटुंबाने चाळीतली खोली सोडली. बाप एकटा लूमवर राहिला. आई मुलीला घेऊन दिघाशीला परत गेली.

मुकादम निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाला होता, आणि दुपारी चाळीतल्या मुली नेहमीप्रमाणे डबे घेऊन निघाल्या होत्या. खाला बाराच्या ठोक्याला लूमच्या फाटकाशी आल्या, पाटी उतरवली आणि बसल्या. येणाऱ्या प्रत्येक मुलीला म्हणाल्या, "दे इकडे. आत मी देते. तू पळ घरी." सगळे डबे गोळा झाले की आत जाऊन ज्याचे त्याला द्यायच्या, रिकामे झाले की परत आणायच्या. कोणाचा कोणता, एकदाही चुकल्या नाहीत.

मुकादम तिसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन हसला. "खाला, इथे बांगड्या कोण घेणार?"

"कोणीच नाही. म्हणून तर बसले."

त्या रोज बसल्या. शुक्रवार सोडून रोज. लाइट गेली की तर दाराच्या आत येऊन बसायच्या, मुकादमाच्या खुर्चीसमोर, आणि खटखट पुन्हा सुरू होईपर्यंत हलायच्या नाहीत. आतल्या कामगारांनी मला सांगितलंय, त्या शांततेत फक्त बांगड्यांचा आवाज यायचा. खाला एकेक बांगडी उचलून पुसत बसायच्या. वर्षभराने मुकादम ती जागा सोडून मानकोलीच्या रस्त्याला दुसऱ्या लूमवर गेला. तिसऱ्या दिवशी खालांची पाटी त्या फाटकाशी. भिवंडीत लोक म्हणायचे, मुकादम हल्ली कुठे आहे ते विचारू नका, खालांची पाटी कुठे आहे ते बघा. गावांच्या फेऱ्या बंद झाल्या. दिवाळीचा, लग्नसराईचा धंदा गेला. मी म्हटलं, हे किती दिवस? तर म्हणाल्या, "कोर्टाने त्याला सोडलं. मी कुठे सोडलंय?"

एकोणऐंशी साली साखरेने त्यांचा पाय धरला. चालणं बंद झालं. मी गेले तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाटी कोपऱ्यात उपडी.

"फाटकावर कोण बसतं?" हा पहिला प्रश्न.

मी वही उघडून दाखवली. त्या लूमजवळच्या चाळीतल्या पाच बायकांची वारांप्रमाणे पाळी लावली होती. प्रत्येक वारापुढे एक नाव, शुक्रवार सुट्टी. बुधवार मी घेतला होता, जेवणाच्या सुट्टीत. खाला खूश झाल्या. "लिष्टवाली," म्हणाल्या, "आता वार लिहितेस तर." मला हसू आलं नाही. त्यांना आलं.

मग म्हणाल्या, "दिघाशीला गेलीस?"

"नाही."

"लिही. दिघाशीला जाणे. पोरीला सांगणे, तू खरं बोललीस, दिवस आम्ही चुकवला."

"मी चुकवला, खाला."

"मग तसं लिही. तुझी वही आहे."

मी लिहिलं. लिहिता लिहिता म्हटलं, "पण आता ती मोठी झाली असेल. एवढ्यात लग्नही होईल. सासरी कळलं तर? जुनं कशाला उकरायचं?"

"उकरायला ते पुरलंय का?" खाला म्हणाल्या. "ती रोज उघडंच घेऊन फिरत असेल. ऐकायचं की नाही ते तिला ठरवू दे. तू जाऊन समोर बस."

मग त्यांनी डावा तळहात उघडा करून गोधडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी आठवड्याचा हिशेब करत होते, रजा कधी, एसटी किती वाजता. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तो तळहात माझ्यासाठी आहे. मी हात ठेवला. त्यांनी बोटं मिटली नाहीत. महिन्याभरात त्या गेल्या. मुकादम पुढे भिवंडी सोडून गेला. कुठे, ते मला समजलं नाही. आमच्याकडे आता ती पाटी नव्हती.

ती मुलगी मला एकदा दिसली. खाला गेल्यावर आठ वर्षांनी, दिवाळीच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानावर. चेहरा अगदी आईचा. स्वतःच्या बांगड्या तिने स्वतःच चढवल्या. दुकानदारणीला हात दिला नाही. तिच्यासोबत चार-पाच वर्षांची लेक होती. दुकानदारणीने तिचा हात धरायला पुढे वाकून म्हटलं, "आण गं इकडे हात, लाजतेस काय?" लेक आईच्या मागे सरली.

"राहू दे," आई म्हणाली. "हात तिचा हाय."

मी दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात यादी होती : पणत्या, वाती, उटणं, रांगोळी. पणत्या घ्यायच्या राहिल्या होत्या. ती लेकीला कडेवर घेऊन गर्दीत गेली, आणि मी पणत्या घेतल्या. घरी येऊन वहीत लिहिलं, 'आज दिसली. बोलले नाही.'

दर वर्षी एक जानेवारीला मी जुन्या वहीत उरलेली कामं नव्या वहीत उतरवते. यंदा तीन होती. गच्चीची गळती आणि भावजयीला पत्र, ही दोन्ही फेब्रुवारीत झाली. तिसरं पहिल्या ओळीवर आहे : दिघाशीला जाणे, तिला सांगणे, मी चुकवला. एसटी सकाळी सव्वासातला सुटते. पुढे वार लिहायची जागा ठेवली आहे. ती रिकामी आहे.